दातात 'कीड' नसते, मग दात किडतो कसा?

"डॉक्टर, दातातली कीड तेवढी काढून द्या," असे म्हणत येणारे रुग्ण मला दर आठवड्याला भेटतात. त्यात त्यांचा दोष नाही. आपल्या भाषेतच दात 'किडतो'. त्यामुळे धान्याला सोंडे लागतात तसा दातात किडा शिरत असावा, अशी समजूत होते आणि धूर देऊन दातातले किडे काढून दाखवणाऱ्यांचे फावते. फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी १७२८ साली दंतवैद्यकावर ग्रंथ लिहिला. सूक्ष्मदर्शकातून शोधूनही आपल्याला असे किडे दिसले नाहीत, असे त्यांनी त्यात स्पष्ट म्हटले आहे. तरीही ही समजूत अजून गेलेली नाही.

मग दात किडतो कसा? सुरुवात लाळेपासून करू. लाळ म्हणजे नुसते पाणी नव्हे. तिच्यात कॅल्शियम, फॉस्फेट आणि अनेक प्रकारची प्रथिने असतात. दात कितीही घासून लख्ख करा, काही क्षणांतच ही प्रथिने दातावर बसू लागतात आणि त्यांचा अगदी पातळ पापुद्रा तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पण त्यामुळे चावताना दात एकमेकांवर कमी झिजतात आणि चिंच-लिंबाच्या आंबटपणाचा पहिला मारा तोच झेलतो. दाताच्या कवचातून निघालेला चुना परत भरण्याचे काम लाळेतील कॅल्शियम करते. थोडक्यात, निसर्गाने दाताला दिलेले हे अस्तर आहे.

गंमत अशी, की जंतूंनाही बसायला हाच पापुद्रा लागतो. यातले एक प्रथिन लाळेत तरंगत असताना काही जंतू त्याला चिकटत नाहीत. ते दातावर बसले की त्याची ठेवण बदलते, आतली बाजू उघडी पडते आणि तिथे हे जंतू पाय रोवतात. त्यांच्यावर दुसऱ्या जंतूंचे थर चढतात. न घासलेल्या दातावर नख फिरवल्यावर जो पांढरट, चिकट थर निघतो, तो हाच.

या थरातील एका महत्त्वाच्या जंतूचा शोध इंग्लंडमध्ये क्लार्क यांनी १९२४ साली लावला. त्याचे नाव 'स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स'. साखर मिळाली की तो दोन कामे करतो. साखरेचा डिंकासारखा चिकट पदार्थ बनवून आपले ठाण पक्के करतो आणि साखरेचे आम्ल करतो. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दाताजवळ आम्ल वाढते आणि कवचातला चुना विरघळू लागतो. लाळेला ते आम्ल निवळायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो.

म्हणून साखर किती खाल्ली, याइतकेच ती किती वेळा खाल्ली, हेही महत्त्वाचे. स्वीडनमधील व्हिपेहोम येथे मनोदुर्बल रुग्णांच्या संस्थेत १९४५ नंतर काही वर्षे याची चाचणी झाली. रुग्णांवर असा प्रयोग करणे आज कोणालाच मान्य होणार नाही. पण त्यातून दिसले ते असे, की जेवणाबरोबरच्या साखरेने दात फारसे किडले नाहीत, मधल्या वेळच्या चिकट टॉफीने मात्र भराभर किडले.

लाळ आटली तर काय होते, हे तोंडाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या रुग्णांत दिसते. चांगले दात काही महिन्यांत किडू लागतात. झोपेतही लाळ फार कमी होते. म्हणून बाळाच्या तोंडात रात्रभर गोड दुधाची बाटली ठेवणे घातक.

हे टाळायचे कसे? कोळशाच्या पुडीने किंवा मशेरीने दात खरवडू नयेत. पापुद्रा काही क्षणांत परत येतो, कवच मात्र झिजले की परत येत नाही. मशेरी तर तंबाखूच आहे. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराईडयुक्त पेस्टने मऊ ब्रश करावा. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. गोड खायचे ते जेवणाबरोबर खावे. दिवसभर गोड चहा-बिस्किटे चालू असतील, तर लाळेला उसंत मिळत नाही.

'दुधाचे दात, पडणारच आहेत' असे म्हणून पालक दुर्लक्ष करतात. पण त्यातले मागचे दात दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. ते किडले की मूल नीट जेवत नाही, रात्री रडत उठते. तेव्हा आजच घरातल्या लहानग्याचा वरचा ओठ हलकेच उचलून पाहा. हिरडीजवळ खडूसारखे पांढरे डाग दिसले, तर ती किडण्याची सुरुवात आहे. खड्डा पडलेला नसेल, तोवर फ्लोराईड आणि लाळ मिळून हे डाग भरून काढू शकतात. खड्डा पडल्यावर मात्र तो आम्हालाच भरावा लागतो.