फोटोची कड सजवा, पण मूळ फोटो जपा



आजोबा-पणजोबांचा एखादाच फोटो पुष्कळ घरांत उरलेला असतो. तोही ओलीने डागाळलेला, कडेला कसर लागलेला. वर्षश्राद्ध आले की घाईघाईने त्याचा मोबाईलवर फोटो काढतात. कुणीतरी त्यावर फुलांची चौकट चिकटवून देतो, त्यात फेट्याचा शेमला कापला जातो आणि मूळ प्रतही पुसली जाते. म्हणून कड सजवण्याची अशी रीत सांगतो, की ज्यात फोटोचा एक ठिपकाही पुसला जात नाही. तिला ‘मास्क’ म्हणतात.

मास्क म्हणजे काय?

पूर्वी स्टुडिओत लंबगोल, कडेने पांढऱ्यात विरत गेलेले फोटो मिळत. फोटोग्राफर अंधाऱ्या खोलीत, लंबगोल भोक पाडलेला पुठ्ठा प्रकाशाच्या वाटेत धरून हलवीत राही. भोकातून येईल तेवढेच चित्र कागदावर उमटे आणि पुठ्ठा हलल्याने कड मऊ होई. मास्क हा संगणकातला पुठ्ठाच समजा. त्याचा पांढरा भाग फोटो दाखवतो, काळा भाग झाकतो, करडा भाग अर्धवट दाखवतो. पुठ्ठा काढला की खाली फोटो जसाच्या तसा.

आधी फोटो नीट घ्यावा

जुना फोटो चौकटीतून हलक्या हाताने काढावा. काचेला चिकटला असेल तर मुळीच ओढू नये. चेहऱ्याचा पापुद्रा काचेवरच राहतो. तो काचेसकटच टिपावा. खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी, फ्लॅश बंद ठेवून मोबाईल फोटोच्या अगदी समोर धरावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, नाहीतर बारकावे कमी होतात. ८ × १० इंची चांगल्या छपाईसाठी २४०० × ३००० ठिपके असावेत.

कृती

संगणकावर ‘गिम्प’ ही मोफत प्रणाली घ्यावी. बर्कलीच्या विद्यापीठातील स्पेन्सर किम्बॉल व पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी ती तयार केली व १९९६ साली सर्वांसाठी खुली केली. शिकत्या मुला-मुलींना शेजारी बसवावे.

१. फोटोची दुसरी प्रत करून तीच उघडावी.
२. ‘लेअर’ मेनूतून नवा पांढरा थर घेऊन तो फोटोच्या खाली सरकवावा.
३. फोटोचा थर निवडून ‘अ‍ॅड लेअर मास्क’ म्हणावे व मास्क पांढरा घ्यावा.
४. लंबगोल निवडीचे साधन घेऊन ‘फेदर एजेस’ सुरू करावे. चेहरा, फेटा, पदर आत येईल असा लंबगोल आखावा.
५. ‘सिलेक्ट’ मेनूतून ‘इनव्हर्ट’ करावे, म्हणजे बाहेरचा भाग निवडला जाईल. मास्कवर क्लिक करून त्या भागात काळा रंग भरावा. कड विरत गेलेली दिसेल.
६. काही जास्त झाकले गेले, तर निवड काढून टाकावी व मास्कवर पांढरा ब्रश फिरवावा. झाकलेले परत येते. फाटक्या कागदासारखी कड हवी असल्यास खरबरीत ब्रशने काळा रंग द्यावा.
७. ‘सेव्ह’ केल्यास मास्कसह एक्ससीएफ प्रत राहते. छपाईसाठी ‘एक्स्पोर्ट’ करून जेपीजी प्रत काढावी.

एवढे लक्षात ठेवा

पीक नुकसानीच्या फोटोंवर अशी कलाकुसर करू नये. तो पुरावा असतो; जसा टिपला तसाच ठेवावा.

मूळ प्रत दोन ठिकाणी ठेवावी आणि फाईलला माणसाचे नाव, गाव व माहीत असल्यास साल द्यावे. हे सांगणारी वडीलधारी मंडळी घरात आहेत तोवरच विचारून घ्यावे. कड केव्हाही सजवता येते; फोटोतला माणूस कोण, हे सांगणारे मात्र नेहमी सापडत नाही.