दांडी अर्धी, गाडी अर्धी

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात पिकअपच्या रांगा लागल्या, की गाड्यांची काही दुखणी ठरलेली असतात. मागचे पाटे बसतात, ताडपत्रीच्या कड्या निघतात आणि मडगार्डवरची रेडिओची एरियल मोडते. क्रेट बांधताना फेकलेला दोर तिच्यात अडकतो, कुणीतरी हिसका देतो आणि दांडी मुळाशी वाकते. हाताने सरळ करून चालक महिना-दोन महिने काढतो. मग ती तुटतेच.

हातात मोबाइल असताना रेडिओ हवा कशाला, हे रात्रपाळीच्या चालकाला विचारावे. माळशेज घाट उतरून कल्याणकडे जाताना नेटवर्क येते-जाते आणि स्क्रीनवर बोट फिरवायला तो रस्ता नाही. डोंगर आडवा आला की एफएम दबते. मध्यमलहरी मात्र जमिनीला धरून पुढे जातात. पुणे आकाशवाणीचे ७९२ किलोहर्ट्झ त्यामुळेच अनेकांच्या टेपमध्ये पहिल्या बटणावर लावलेले असते. अर्थात, एरियल धड असेल तर.

रस्त्याकडेच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे हे किरकोळ काम समजले जाते. नवी दांडी, एक नट, एक पिन. घाईचा कारागीर चहा येईपर्यंत ते उरकतो आणि पुण्याचे एखादे जोरकस एफएम स्टेशन लावून गाडी हातात देतो. तेवढ्यावर कामाची परीक्षा होत नाही. जोरकस स्टेशन गंजलेल्या खिळ्यावरही वाजते.

नीट काम करणारा सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून करतो. मग टेप डॅशबोर्डमधून पुढे ओढतो. त्याच्या मागे वायरींचा कपलर असतो आणि शेजारी जाडसर, एकटी पिन. गॅल्विन या अमेरिकी कंपनीने १९३० साली मोटारीत बसवायचा रेडिओ विकायला काढला, त्याचे नाव ‘मोटोरोला’. जगभरचे कारागीर या पिनेला अजून त्याच नावाने ओळखतात. पिन सुटल्यावर तिच्या टोकाला सुतळी बांधायची आणि जुनी केबल मडगार्डच्या बाजूने बाहेर ओढायची. केबल बाहेर येते, सुतळी तिच्याच वाटेने मागोमाग येते. नवी केबल त्या सुतळीला बांधून टेपच्या बाजूने आत ओढली, की डॅशबोर्ड खोलायची गरज उरत नाही. वायपरची यंत्रणा, हीटरचा डबा, पेडलांचे दांडे यांच्यामधली ती वाट नव्याने शोधायला बसले, तर अर्धा दिवस जातो.

जुना नट निघाला, की छिद्राखाली चिखल आणि गंज यांचे एक कडे दिसते. खरे काम इथे आहे. कारागीर हात मडगार्डच्या आतून वर घालतो आणि पॉलिश पेपरने फक्त खालच्या बाजूचा, वॉशरएवढाच रंग खरवडतो, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. वरचा रंग तसाच ठेवायचा, तिथे रबरी गादी बसते. नव्या एरियलच्या खालच्या पट्टीला बारीक दाते असतात. नट आवळताना ते दाते उघड्या पत्र्यात रुतले पाहिजेत.

या दात्यांवर सगळे अवलंबून आहे. पुण्याची विविध भारती १०१ मेगाहर्ट्झवर लागते. त्या लहरीची लांबी जवळपास तीन मीटर. तिच्या पावपट, म्हणजे साधारण पाऊण मीटर दांडी एफएमला चपखल बसते. पण ती निम्मीच एरियल असते. उरलेली निम्मी म्हणजे गाडीचा पत्रा. मार्कोनीला १८९५ साली हेच गवसले होते: यंत्राचे एक टोक उंच चढवले आणि दुसरे जमिनीत पुरले, तेव्हा त्याचा संदेश कितीतरी लांब गेला. गाडीला रबरी चाके असतात, म्हणून तिथे जमिनीची जागा बॉडी घेते. दांडी कितीही महागाची आणा. दाते रंगावर टेकले असतील, तर ती अर्धीच राहते.

“दांडी नवी टाकली ना मामा, मग खरखर का?” चालक विचारतो.

“दांडीला काय करतोस? अर्थ कुठं मिळालाय तिला?” कारागीर मामा मल्टिमीटर उचलतात.

पिन टेपमध्ये खोचण्याआधी तीन मोजमापे घ्यायची. दांडीचे टोक ते पिनेचा मधला भाग: साध्या एरियलला काटा जवळजवळ शून्यावर. पिनेची बाहेरची कडी ते गाडीचा पत्रा: तिथेही शून्याजवळ. मधला भाग ते बाहेरची कडी: काहीच लागता कामा नये. लागले, तर केबल कुठेतरी चेपली आहे किंवा आत पाणी शिरले आहे.

केबल तोकडी पडली, की टीव्हीच्या केबलचा तुकडा जोडायचा मोह होतो. दिसायला दोन्ही सारख्याच काळ्या. पण गाडीच्या एरियलच्या केबलमध्ये मधली तार मुद्दाम बारीक आणि नळीत सैल ठेवलेली असते, म्हणजे तार आणि जाळी यांच्यातली विद्युत धारकता कमी राहते. ७९२ किलोहर्ट्झची लहर जवळपास ३७९ मीटरची. तिच्यापुढे पाऊण मीटर दांडी फारच तोकडी आणि तिला मिळणारा संदेश अगदी नाजूक. टीव्हीची केबल तो वाटेतच खाऊन टाकते. एफएम बरे वाजत राहते, बातम्या मात्र गायब होतात आणि दोष आकाशवाणीला जातो. तयार पिनांची एक्स्टेन्शन केबल दुकानात मिळते, तीच घ्यावी.

बुडाशी बूस्टर असलेली बुटकी एरियल घेतली, तर निळी वायर विसरून चालत नाही. बहुतेक टेपमध्ये रेडिओ चालू झाला, की या वायरीवर १२ व्होल्ट येतात. कपलरमध्ये ती चिकटपट्टी गुंडाळून तशीच सोडलेली सापडते. बूस्टरला वीज नसेल, तर ती एरियल साध्या दांडीपेक्षा वाईट वाजते. पिवळ्या वायरीला जोडली तर वाजेल, पण गाडी उभी असतानाही बूस्टर बॅटरी पीत राहील.

एवढे करूनही गोंगाट उरतो, तेव्हा तो गाडीतच जन्मलेला असतो. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नाही, हे भाग्य. तरी ॲक्सिलरेटर दाबल्यावर चढत जाणारी शिट्टी ऐकू आली, तर अल्टरनेटर पाहावा. आणि त्याआधी स्वस्तातला मोबाइल चार्जर सॉकेटमधून उपटून पाहावा. पुष्कळदा तिथेच खरखर थांबते.

या गोंगाटाची किंमत नारायणगावच्या पंचक्रोशीला वेगळी सांगायला नको. शेजारच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्यांपैकी काही टोमॅटोच्या शेतांना लागूनच उभ्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती इथे उभी राहिली. जागा निवडताना जे पाहिले गेले, त्यात माणसाने केलेला रेडिओ-गोंगाट इथे कमी असणे हेही होते. आकाशगंगांकडून येणारा क्षीण संदेश टिपणाऱ्या शास्त्रज्ञांना जे सांभाळावे लागते, तेच पिकअपखाली आडवा झालेला कारागीर आपल्या मापाने सांभाळत असतो: जोड स्वच्छ हवा, केबल योग्य हवी, शेजारी खरखर करणारे काही नको.

शेवटी केबलला टेपकडे वळण्याआधी एक झोळ द्यायचा, म्हणजे पावसाचे पाणी खालीच टपकते. छिद्राच्या रबराभोवती सिलिकॉन. मग बॅटरी जोडायची आणि पहिले स्टेशन लावायचे ते ७९२, इंजिन चालू ठेवून. बातम्या स्पष्ट ऐकू आल्यावरच मामा हात पुसतात. पैसे घेताना एवढेच सांगतात, “आठ दिवसांनी ये रे. नवी गादी दबली की नट ढिला पडतो. आवळून देतो, त्याचे पैसे नाहीत.”