शेतकऱ्याचा अनुभव आणि तज्ज्ञाचा सल्ला

शेतीविषयक सल्ल्याची किंमत सल्लागाराला सहसा मोजावी लागत नाही. ती शेतकऱ्याला मोजावी लागते. बियाण्याची निवड चुकली तर सल्लागाराचे वेतन थांबत नाही, लहान शेतकऱ्याचे मात्र सबंध वर्ष वाया जाते. म्हणूनच सल्ला देण्याचा अधिकार पदवीने प्राप्त होतो की दीर्घ अनुभवाने, हा प्रश्न केवळ मानापमानाचा राहत नाही.

१८८९ मध्ये ब्रिटिश सरकारने डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर या कृषिरसायनशास्त्रज्ञांना भारतीय शेतीसाठी उपाय सुचविण्याकरिता येथे पाठविले. भारतीय शेतीच्या पद्धती मागासलेल्या आहेत, असा समज तेव्हा इंग्लंडमध्ये रूढ होता. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात व्होल्कर यांनी तो मान्य केला नाही. येथील उत्तम शेतकरी सर्वसाधारण ब्रिटिश शेतकऱ्याच्या तोडीचा, किंबहुना काही बाबतींत त्याहून सरस आहे, असे त्यांचे मत झाले. शेतात खत म्हणून घालावयाचे शेण लोक जाळतात, हे वरवर पाहणाऱ्यास अज्ञानाचे लक्षण वाटले असते. परंतु सरपणाची टंचाई हे त्यामागील कारण आहे, हे व्होल्कर यांनी ओळखले आणि सरपणासाठी वृक्षलागवड करण्याची शिफारस केली. जे कृत्य चुकीचे दिसते, त्याचे कारण आधी शोधणे, हा तज्ज्ञतेचाच एक भाग होय.

तथापि, अनुभवालाही मर्यादा असतात. हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या तराई प्रदेशात भाताच्या पानांवर तांबूस तपकिरी डाग पडून रोपे खुरटत असत. या विकाराला ‘खैरा’ म्हणत. तो एखाद्या रोगजंतूमुळे होत नसून जमिनीतील जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, असे पंतनगर येथील वनस्पतिरोगतज्ज्ञ य. ल. नेने यांनी १९६६ च्या सुमारास दाखवून दिले. झिंक सल्फेट व चुना यांच्या मिश्रणाची फवारणी हा त्यावरील उपाय ठरला. शेतकऱ्याने लक्षणे अनेकदा पाहिली असतील. परंतु नुसत्या डोळ्यांनी जस्ताची उणीव दिसणे शक्य नव्हते.

या दोन उदाहरणांवरून असे दिसते की, अनुभव आपल्या शेताविषयी पुष्कळ सांगतो, पण कारणांविषयी कमी. शास्त्र कारणे सांगते, पण विशिष्ट शेताविषयी अनभिज्ञ असू शकते. प्रत्येकाचे ज्ञान आपल्या क्षेत्रात खरे असते. त्या क्षेत्राबाहेर तोच आत्मविश्वास कायम राहिला, म्हणजे चुकीचा सल्ला जन्मास येतो.

स्वातंत्र्योत्तर काळातील विस्तारकार्यात हा धडा हळूहळू गिरविला गेला. १९५२ च्या सामुदायिक विकास कार्यक्रमात ग्रामसेवकावर शेतीबरोबरच इतर अनेक कामे सोपविलेली होती. १९७० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने आलेल्या ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धतीत कार्यकर्त्याकडे केवळ कृषिविस्ताराचे काम ठेवण्यात आले. त्याला नियमित प्रशिक्षण मिळे आणि ठरल्या दिवशी तो गावी जाई. मात्र संदेश बहुधा वरून खाली जात असे आणि कोरडवाहू शेतीची विविधता त्यात सहज सामावत नसे. १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे पहिले कृषि विज्ञान केंद्र स्थापन झाले. आज अशी सातशेहून अधिक केंद्रे आहेत. नवे तंत्र शेतकऱ्याच्याच शेतात तपासून पाहणे, हे त्यांचे एक प्रमुख कार्य आहे.

सल्ला मानावा की नाही, हे ठरविताना सल्लागाराचे वय किंवा पदवी यांपेक्षा दोन गोष्टी अधिक उपयोगी पडतात : हा सल्ला अशाच जमिनीत व अशाच पावसात तपासलेला आहे काय, आणि तो फसला तर ती वार्ता ऐकण्यास सल्लागार परत येणार आहे काय?