जुनी आज्ञावली, नवा संगणक आणि हरवलेली मराठी अक्षरे

शाळेच्या स्नेहसंमेलनाची स्मरणिका, घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका, हरिनाम सप्ताहाची पत्रिका, ग्रामपंचायतीची नोटीस. केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावात हा सगळा मजकूर जुळवला जातो तो रस्त्यावरच्या एखाद्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात, नाहीतर केज किंवा अंबाजोगाईच्या छापखान्यात. तिथल्या संगणकावर पेजमेकर किंवा कोरलड्रॉ असते आणि मराठी अक्षरांसाठी श्रीलिपी, आकृती किंवा सीडॅकची आयएसएम यांपैकी काहीतरी. वर्षानुवर्षे काम सुरळीत चालते. मग एक दिवस जुना संगणक बंद पडतो. नवा येतो, त्यावर विंडोज ११ असते, आणि गाडे अडते. कधी जुनी आज्ञावली चढतच नाही. कधी चढते, पण सुरू होत नाही. कधी सुरू होते, फाईलही उघडते, पण मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा काला दिसतो. “फाईल खराब झाली,” असे म्हणून विषय संपवला जातो.

बहुतेक वेळा फाईल खराब झालेली नसते. तिच्यातला प्रत्येक आकडा जागच्या जागी असतो. मग बिघडते काय? इथे दोन निरनिराळ्या अडचणी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. एक आहे आज्ञावली आणि संगणकाची कार्यप्रणाली यांच्यामधली. दुसरी आहे आपल्या लिपीची, आणि माझ्या मते तीच जास्त गंभीर आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अनेक शाळा आणि दुकाने आता नव्या प्रणालीकडे वळत आहेत, म्हणून दोन्ही नीट समजून घेऊ.

पहिली अडचण. पेजमेकरसारखी आज्ञावली स्वतः पडद्यावर रेघ काढत नाही किंवा प्रिंटरला कागद ओढायला लावत नाही. ती कार्यप्रणालीकडे मागणी करते: ‘ही फाईल उघडून दे’, ‘इतकी जागा दे’, ‘हे अक्षर इथे काढ’. ही मागणी ठरावीक नमुन्यात करावी लागते. शिक्षकांना हा प्रकार नवा नाही. वेतन पथकाने बिलाचा नमुना बदलला की जुन्या नमुन्यातले बिल परत येते. रक्कम बरोबर असते, सह्या बरोबर असतात, फक्त तो नमुना घेणारा टेबलावर उरलेला नसतो. कार्यप्रणाली बदलते तेव्हा हेच होते.

यातला सर्वात मोठा बदल आहे बिटांचा. हजेरीपटावर क्रमांकासाठी दोनच चौकटी असतील तर ०० ते ९९ एवढेच शंभर क्रमांक लिहिता येतील. संगणकात प्रत्येक चौकटीत फक्त ० किंवा १ मावतो, म्हणून १६ चौकटींत २ चा १६ वा घात, म्हणजे ६५,५३६ क्रमांक बसतात. ३२ चौकटींत ४,२९,४९,६७,२९६ बसतात. ६४ चौकटींत किती, हे मुलांनाच काढू द्या. फळा पुरतो का तेही पाहा. १९९२ च्या विंडोज ३.१ साठी लिहिलेल्या आज्ञावल्या १६ बिटांच्या होत्या. १९९५ च्या विंडोज ९५ पासून ३२ बिटांचे युग आले आणि आजची विंडोज ११ फक्त ६४ बिटांतच मिळते.

विंडोज प्रत्येक उघड्या खिडकीला, टंकाला, चित्राला एक ओळख क्रमांक देते आणि आज्ञावली त्या क्रमांकानेच त्यांना हाक मारते. ६४ बिटांच्या विंडोजमध्येही या क्रमांकाचे कामाचे बिट ३२ असतात. म्हणून ३२ बिटांची जुनी आज्ञावली आणि नवी प्रणाली यांच्यामध्ये एक दुभाषा बसवता आला आणि तो विंडोजमध्ये असतोच. पण १६ चौकटींत ३२ आकडे कोंबता येत नाहीत. त्यामुळे ६४ बिटांच्या विंडोजमध्ये १६ बिटांच्या आज्ञावल्यांसाठी दुभाषा ठेवलेलाच नाही. १९९३ चे पेजमेकर ५ आज चालत नाही, पण २००१ चे पेजमेकर ७ थोडी मनधरणी केल्यावर पुष्कळदा चालते, याचे कारण हे आहे. कधी गंमत अशी होते की मुख्य आज्ञावली ३२ बिटांची असते, पण तिला संगणकावर बसवणारी छोटी आज्ञावली मात्र १६ बिटांची. घर चांगले, पण दाराची किल्ली लागत नाही.

दुसरे कारण परवानगीचे. जुन्या आज्ञावल्या आपल्या नोंदी आपल्याच फोल्डरमध्ये खुशाल लिहीत असत. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून त्या जागेवर पहारा बसला. म्हणूनच ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालव’ असे सांगितले की काही जुन्या आज्ञावल्या एकदम शहाण्यासारख्या वागू लागतात. ‘कम्पॅटिबिलिटी’ नावाच्या सोयीत विंडोज त्या आज्ञावलीला चक्क थाप मारते: ‘मी विंडोज एक्सपीच आहे’. आवृत्ती पाहून अडून बसणाऱ्या आज्ञावलीला एवढे पुरते. बिटांच्या अडचणीवर मात्र या थापेचा काही उपयोग नाही.

तिसरे कारण कुलपाचे. भारतीय भाषांच्या अनेक आज्ञावल्यांबरोबर एक लहानसा ‘लॉक’ मिळत असे. तो प्रिंटरच्या जुन्या रुंद जोडणीत लावल्याशिवाय आज्ञावली चालत नसे. आजच्या संगणकांना ती जोडणी सहसा नसते. शिवाय त्या लॉकशी बोलणारी चालक आज्ञावली ३२ बिटांची असेल तर ६४ बिटांची विंडोज तिला आत घेतच नाही. इथे दुभाषाही मदतीला येत नाही, कारण चालक आज्ञावलीला कार्यप्रणालीच्या गाभ्यात बसावे लागते. रीतसर पैसे मोजून घेतलेली आज्ञावली कुलपापायी बंद पडते आणि चोरून घेतलेली चालत राहते, हा त्यातला कडू भाग.

यावरचा एक चांगला उपाय म्हणजे संगणकात संगणक. व्हर्च्युअलबॉक्ससारखी मोफत आज्ञावली नव्या संगणकाच्या आत एका जुन्या संगणकाचे सोंग उभे करते. त्या सोंगावर विंडोज एक्सपी चढवायची आणि तिच्यावर पेजमेकर. आतल्या आज्ञावलीला आपण २००३ सालातच आहोत असे वाटत राहते. यासाठी विंडोज एक्सपीची परवाना असलेली प्रत लागते. तिचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला असल्याने त्या आतल्या संगणकाला इंटरनेट जोडू नये. जुना संगणकच जपून ठेवणे हाही उपाय आहे, पण त्याची हार्डडिस्क कधी दगा देईल हे सांगता येत नाही.

आता लिपीकडे वळू. समजा, आज्ञावली चालली आणि फाईल उघडली. तरी मराठी का दिसत नाही?

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. इंग्रजीसाठी कोणत्या आकड्याला कोणते अक्षर हे फार पूर्वी ठरले आणि सर्वांनी पाळले. देवनागरीसाठीही प्रमाण संकेत तयार झाला होता. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ नावाचे मानक प्रसिद्ध केले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सीडॅकने त्यावर आधारित साधने बनवली. पण पेजमेकरसारख्या परदेशी आज्ञावल्यांना हे मानक कळत नव्हते. त्यांना एका अक्षरासाठी ८ बिट, म्हणजे जास्तीत जास्त २५६ जागा, एवढेच ठाऊक होते. मग आपल्याकडच्या टंककारांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा आकार बसवला. पेजमेकरला वाटे आपण इंग्रजीच छापत आहोत. कागदावर उमटे मराठी.

कृतिदेव हा असाच एक टंक. त्यात ‘कमल’ लिहिले की फाईलमध्ये डी, ई, वाय या इंग्रजी अक्षरांचे आकडे जातात: १००, १०१, १२१. कृतिदेव टंक संगणकावर असेल तर ‘कमल’ दिसते. नसेल तर संगणक दुसरा एखादा टंक लावतो आणि ‘डे’ असे वाचावे लागेल असा इंग्रजी शब्द समोर येतो. फाईल दोन्ही वेळा तीच असते. म्हणजे मराठी फाईलमध्ये नव्हतीच, ती टंकात होती. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या टंकांची कोष्टके एकमेकांहून वेगळी आहेत, म्हणून एकाची फाईल दुसऱ्याच्या टंकात घातली तर मराठी अक्षरे दिसतात, पण त्यांचे शब्द होत नाहीत.

मराठवाड्याला असा अनुभव पूर्वी आलेला आहे. २०२३ साली निजामकालीन कागदपत्रांत कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज पडली. कागद शाबूत होते, शाई शाबूत होती, वाचता येणारी माणसे थोडी उरली होती. जुन्या टंकातली फाईल ही तशीच मोडीतली दप्तरे आहे. फरक एवढाच की मोडी विस्मरणात जायला काही दशके लागली. इथे एक संगणक बदलला की पुरे.

या गोंधळावरचे उत्तर आहे युनिकोड. त्यात देवनागरीला स्वतःचे आकडे आहेत, इंग्रजीकडून उसने घेतलेले नाहीत. ‘कमल’ म्हणजे २३२५, २३५०, २३५४, मग टंक कोणताही असो. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली. तिच्याबरोबर आलेला ‘मंगल’ हा टंक कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला आहे. पेजमेकरला मात्र युनिकोड कधीच कळले नाही. २००१ ची सातवी आवृत्ती ही त्याची शेवटची ठरली आणि २००४ साली अडोबी कंपनीने त्याचा विकास थांबवला. मराठी छपाई पेजमेकरला चिकटून राहिली, आणि म्हणून जुन्या टंकांनाही.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरके मिळतात. ती आकड्याला आकडा लावत सुटत नाहीत, त्यांना क्रमही बदलावा लागतो. ‘दिन’ हा शब्द पाहा. कृतिदेवमध्ये आधी वेलांटी, मग द, मग न. डोळ्यांना दिसते त्या क्रमाने. युनिकोडमध्ये आधी द, मग वेलांटी, मग न. उच्चाराच्या क्रमाने. ‘कर्म’ या शब्दात जुन्या टंकात क, म आणि शेवटी रफार, तर युनिकोडमध्ये क, र, हलन्त, म. रफार शेवटच्या अक्षरावर दिसत असला तरी र आधी उच्चारला जातो, हे व्याकरणाच्या तासाला सांगायला आपण धडपडतो. युनिकोडने ते आकड्यांतच मांडून ठेवले आहे.

मग शाळेच्या जुन्या फाईलींचे काय करावे? सर्वात आधी टंकाच्या फाईली फाईलींच्याच शेजारी जपून ठेवाव्यात, जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी. तो संगणक चालतो आहे तोवर प्रत्येक पानाची पीडीएफ करून घ्यावी. पीडीएफमध्ये टंकाचे आकार फाईलबरोबरच बांधून ठेवता येतात, त्यामुळे पान जसेच्या तसे दिसते. मात्र त्यातला मजकूर शोधता येत नाही, कारण आत आकडे जुनेच असतात. मजकूर पुन्हा वापरायचा असेल तर तो युनिकोडमध्ये नेलाच पाहिजे. पेजमेकर हाताशी नसेल तर लिबरऑफिस ही मोफत आज्ञावली २०१५ च्या ४.४ या आवृत्तीपासून पेजमेकरच्या फाईली उघडते. मांडणी थोडी विस्कटते, पण मजकूर हाती लागतो. अडोबीच्याच इनडिझाइनच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्याही त्या फाईली उघडत. नंतरच्या आवृत्त्यांनी ते सोडून दिले.

रूपांतर झाल्यावर मजकूर डोळ्यांखालून घातल्याशिवाय ठेवू नये. हिंदीसाठी बनवलेली काही रूपांतरके मराठीच्या खास जागी अडखळतात. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांतला र वेगवेगळा आहे, तो तपासावा. ‘ळ’, ‘ॲ’, जोडाक्षरे, अवतरणचिन्हे आणि मराठी आकडे पाहावेत. आकडे विशेषतः, कारण प्रश्नपत्रिकेतल्या गणितात ५ चा ६ झाला तर तो वाचताना खटकत नाही. नववी-दहावीच्या मुलांच्या जोड्या करून हे काम चांगले होते: एकाने छापील स्मरणिका मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवायचे, आणि चूक सापडली की तो शब्द, आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे वहीत लिहून घ्यायचे. पंधरा-वीस पाने झाली की त्याच त्याच चुका पुन्हा येताना दिसतात. मग ती यादी घेऊन ‘सगळीकडे बदला’ ही आज्ञा वापरता येते.