समजून घ्या : पुण्यातून नाव मिळालेला ‘संतमस’ राहण्याजोगा का नाही?

सूर्यमालेबाहेर सापडलेल्या ग्रहांची संख्या ६ हजारांवर गेल्याचे ‘नासा’ने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. तरीही यातल्या एकाही ग्रहावर जीवसृष्टी असल्याचा ठोस पुरावा नाही. असे का? भारताने नाव दिलेल्या ग्रहावरूनच समजून घेऊ.

‘संतमस’ म्हणजे काय?
आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१९ मध्ये देशोदेशींना प्रत्येकी एक तारा आणि त्याच्या ग्रहाला नाव देण्याची संधी दिली. भारताच्या वाट्याला एचडी ८६०८१ हा तारा आला. भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून त्याचे नाव ‘बिभा’ ठरले. मुंबईच्या टीआयएफआरमधील त्या पहिल्या महिला संशोधक. ग्रहाचे ‘संतमस’ हे संस्कृत नाव पुण्यातील एका शाळकरी विद्यार्थ्याने सुचवले होते.

तिथे राहता येईल?
नाही. संतमसचे वस्तुमान गुरूच्या सुमारे दीडपट आहे आणि त्याचे ‘वर्ष’ जेमतेम २.१४ दिवसांचे. म्हणजे तो ताऱ्याच्या अगदी जवळून फिरतो आणि प्रचंड तापलेला आहे. खडकाळ ग्रहावर पाणी द्रवरूपात टिकेल, एवढ्या अंतराला राहण्याजोगा पट्टा म्हणतात. संतमस त्याच्या कितीतरी आत आहे.

मग असेच ग्रह आधी का सापडले?
सायन-पनवेल महामार्गावर शिरवणेजवळ उभे राहा. रुग्णवाहिका जवळ येताना सायरनचा आवाज चढतो, लांब जाताना उतरतो. ग्रहाच्या ओढीने तारा हलतो, तेव्हा त्याच्या प्रकाशातही असाच बदल होतो. संतमस आपल्या ताऱ्याला सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने हलवतो. पृथ्वी सूर्याला हलवते फक्त ९ सेंटिमीटरने. दुसरी पद्धत ताऱ्यासमोरून ग्रह जाताना प्रकाश किती घटतो हे मोजते. पृथ्वीमुळे सूर्यप्रकाशात होणारी घट दहा हजारांत एक भागाहूनही कमी भरेल.

पट्ट्यात असणे पुरेसे आहे?
नाही. वातावरण हवे, शिवाय ते टिकवायला चुंबकीय क्षेत्राची मदत होते असे मानले जाते. या क्षेत्राचा माग रेडिओ लहरींतून काढता येतो. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटीच्या ३० अँटेनांनी तसा प्रयत्न केला. २००९ मध्ये नेपच्यूनएवढ्या एका ग्रहाच्या दिशेने क्षीण संकेत मिळाला. २०१० मध्ये पुन्हा पाहिले, तेव्हा तो नव्हता.

के२-१८बी या ग्रहाचेही तसेच. पृथ्वीवर मुख्यतः सागरी सूक्ष्मजीव तयार करतात तो वायू तिथे असल्याची चिन्हे केम्ब्रिजच्या गटाने एप्रिल २०२५ मध्ये मांडली. इतर शास्त्रज्ञांनी तीच निरीक्षणे तपासून शंका घेतली. ‘जीवसृष्टी सापडली’ असा फॉरवर्ड आला, तर दुसऱ्या गटाने त्याला दुजोरा दिला आहे का, हे आधी पाहा.

संतमस दिसेल?
ग्रह दिसणार नाही. बिभा तारा मात्र छोट्या दुर्बिणीतून दिसू शकतो. मार्च-एप्रिलमध्ये रात्री सिंह राशीच्या दक्षिणेला षडंश तारकासमूहात तो असतो. त्यासाठी शहराच्या दिव्यांपासून लांब गेलेले बरे.