भागा, गुणा आणि गिझर लावा!

व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम, म्हणजे रोध. गुणलं की वॅट, म्हणजे शक्ती. आठवीतल्या मुलालाही जमणाऱ्या या दोन गणितांतून काय काय बाहेर पडतं, बघा!

गिझरवरची पट्टी वाचा: 2000 वॅट, 230 व्होल्ट. भागाकार केला की प्रवाह 8.7 अँपिअर आणि कॉइलचा रोध साधारण 26 ओहम. भिंतीवरचं छोटं सॉकेट 6 अँपिअरचं, म्हणजे त्याची मजल 1380 वॅटपर्यंत. हजार वॅटची इस्त्री तिथे खुशाल चालवा. गिझरला मात्र 16 अँपिअरचंच सॉकेट हवं.

व्होल्टेज 230 वरून 200 वर आलं तर? घट फक्त 13 टक्क्यांची, पण गिझरची शक्ती 24 टक्क्यांनी घसरून 1512 वॅटवर येते. व्होल्टेज उतरलं की प्रवाहही उतरतो, आणि शक्ती म्हणजे या दोघांचा गुणाकार. पाणी तापायला उगाच वेळ लागत नाही! (पंखा आणि पंप यांना हे गणित जसंच्या तसं लागू होत नाही. मोटरची खरी शक्ती व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारापेक्षा कमी भरते.)

जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब पेटलेला असताना 882 ओहमचा असतो. विझून थंड झाल्यावर मोजा, जेमतेम 60-70 ओहम! टंगस्टनची तार तापली की रोध वाढतो. म्हणून बटण दाबताक्षणी प्रवाह दहा पटींहून जास्त उसळतो, आणि म्हातारे बल्ब नेमके तेव्हाच उडतात. आणखी एक गंमत: 60 आणि 100 वॅटचे बल्ब एकसरीत जोडा. जास्त उजेड 60 वाल्याचा!

जॉर्ज ओहम हा जर्मनीतल्या कुलूपवाल्याचा मुलगा. त्याचा नियम 1827 साली पुस्तकात छापून आला. पण हेन्री कॅव्हेंडिशला तो 1781 मध्येच सापडला होता. प्रवाह मोजायला मीटर नव्हता, म्हणून हा माणूस स्वतःच शॉक घ्यायचा आणि तो किती जोरात बसला यावरून अंदाज बांधायचा! त्याने हे छापलंच नाही. मॅक्सवेलने ते कागद 1879 साली प्रसिद्ध केले.

आता आपल्या राज्यातला थक्क करणारा आकडा. चंद्रपूरहून पडघ्याला 752 किलोमीटरची डीसी लाइन येते. क्षमता 1500 मेगावॅट, दाब अधिक-उणे 500 किलोव्होल्ट. तारेतून वाहतात फक्त 1500 अँपिअर. हीच वीज 230 व्होल्टने आणायची तर 65 लाख अँपिअर लागले असते! तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दहावा हिस्सा केला की नासाडी शंभरावा हिस्सा होते. उंच मनोऱ्यांवरचा तो अफाट दाब यासाठीच.

शेवटचा भागाकार आपल्या अंगाचा. कोरड्या त्वचेचा रोध एक लाख ओहमपर्यंत जाऊ शकतो, मग 230 व्होल्टला प्रवाह जेमतेम 2 मिलिअँपिअर. त्वचा ओली असेल तर रोध हजार ओहमच्या आसपास येतो आणि प्रवाह 230 मिलिअँपिअर होतो. तो जीव घेतो. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडते. तुमच्या बोर्डात ती नसेल तर वायरमनला आजच बोलवा, आणि असेल तर तिचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघा.