टीबी-एचआयव्हीच्या गोळ्या : कोणता त्रास साधा, कोणता धोक्याचा?

बोर धरणाच्या वाटेवरच्या हिंगणीत असो की मुंबईत, टीबीचा नेहमीचा सरकारी उपचार एकच : सहा महिने, रोज गोळ्या. दोन्ही आजार असतील, तर आधी टीबीची औषधे आणि साधारण दोन आठवड्यांत एचआयव्हीची. मेंदूच्या टीबीत मात्र थोडे थांबतात.

टीबीच्या औषधांपैकी रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते. ते रक्त नव्हे. घाबरून गोळ्या सोडू नका. आयसोनियाझिडने तळपायाला मुंग्या येतात, म्हणून सोबत बी-६ जीवनसत्त्व देतात. पायराझिनामाइडने सांधे दुखतात. इथॅम्ब्युटॉल मात्र डोळ्यांवर जाऊ शकते : धूसर दिसू लागले, लाल-हिरवा ओळखता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डोळे पिवळे होणे, सतत उलट्या, जेवणच नकोसे होणे ही यकृताची तक्रार, तीही तितकीच तातडीची. दारूने हा धोका वाढतो.

रिफाम्पिसिनमुळे एचआयव्हीवरच्या डोल्यूटेग्राविरचे रक्तातले प्रमाण घटते. म्हणून त्याची ५० मि.ग्रॅ.ची जादा गोळी बारा तासांनी घ्यावी लागते. ही गोळी चुकवणे फार महागात पडते, आणि नेमकी तीच विसरली जाते. डोल्यूटेग्राविरने काहींची झोप उडते. एचआयव्हीचेच टेनोफोविर चालू असताना मूत्रपिंडाची तपासणी हवी.

एचआयव्हीची औषधे सुरू झाल्यावर ताप वाढला, गाठी सुजल्या, तर प्रतिकारशक्ती जागी झाल्याचे ते लक्षण असू शकते. डॉक्टरांना दाखवा, गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

मोफत माहिती : टीबी १८००-११-६६६६, एचआयव्ही १०९७.